तळाशी उरलेला द्राक्षरस

सोलापुरात आमच्या चर्चची घंटा वाजवणारे मामा गिरणीत कामाला होते. रागावले की पटका काढून मांडीवर ठेवायचे, ही त्यांची सवय. प्रभुभोजनाच्या विधीत सगळ्यांनी एका प्याल्यातून द्राक्षरस पिण्याऐवजी ज्याला त्याला काचेचा छोटा पेला द्यायचा, असं पाळकसाहेबांनी क्षयाच्या भीतीने सुचवलं, तेव्हा पटका मांडीवर आला.

"एका प्याल्यातनं प्यालो तवा आमची जात गेली की, साहेब. आता परत न्यारं न्यारं?"

तेवढ्यात मागच्या बाकावर कुणीतरी बराच वेळ खोकलं. मामांनी वळून पाहिलं आणि पटका पुन्हा डोक्यावर चढवला. "न्हाय, तुमचं बी खरं हाय."

पुढच्या प्रभुभोजनाला पेल्यांचं तबक त्यांनीच फिरवलं. विसरलेली छत्री घ्यायला मी परत आलो, तर मामा प्रत्येक पेल्याच्या तळाशी उरलेला द्राक्षरस त्या जुन्या प्याल्यात ओतत होते. विसळायला घेतले असतील, असं मला वाटलं. त्यांनी पटका काढला, डोळे मिटले आणि सगळ्यांचं उष्टं पिऊन टाकलं.

"मामा, रोग लागेल!"

"लागंल तर मला एकट्याला लागंल की," म्हणत त्यांनी पेले धुवायला शेगडीवर ठेवलेलं उकळतं पाणी प्याल्यात ओतलं.

त्यात माझंही उष्टं होतं. त्यांच्यासमोरून छत्री उचलून निघून जाणं मला जमेना.