एव्हिसची वेल

व्हर्न टॅलन म्हणजे शब्दांचा चिक्कू माणूस. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या डोंगरात त्याचं सगळं आयुष्य गेलं. आधी बापाबरोबर रान तोडण्यात, मग त्याच बोडक्या उतारांवर गाईंच्या धारा काढण्यात. एव्हिसशी, म्हणजे बायकोशी, तो चार गोड शब्द बोलल्याचं कुणी ऐकलं नाही. तिने पाण्याच्या टाकीवर एक वेल चढवली होती. तिला काळपट जांभळी, चिलमीसारखी वाकडी फुलं यायची. उन्हाळा लागला की तळहाताएवढी फुलपाखरं तिच्यावर उतरायची, पानांवर अंडी घालायची. एव्हिस चहाचा कप घेऊन तिथेच उभी राहायची आणि म्हणायची, "बघ व्हर्न, पाहुणे आले." व्हर्न नुसता हुं करायचा.

एव्हिस गेली तेव्हा मात्र या खडूस माणसाने सगळ्या खोऱ्याला चकित केलं. दफन झाल्यावर चर्चच्या हॉलमध्ये चहा-सँडविच झालं, आणि हा दारात उभा राहून निघणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर एकेक कागदी पुडी ठेवत गेला. पुडीत वेलीचं बी होतं. "लावा," एवढंच म्हणाला. बायकांचे डोळे भरून आले. लोकांनी खरंच लावलं, आणि दोनतीन वर्षांत निम्म्या खोऱ्याच्या कुंपणांवर एव्हिसची वेल चढली.

मग शेजारच्या घरात ग्वेनिथ राहायला आली. पोस्टातून निवृत्त झालेली बाई, तोंडाची फटकळ. शिडी मागायला आली ती टाकीपाशीच थबकली.

"ही कुणी लावली रे?"

"बायकोनं."

"व्हर्न, ही आपल्याकडची नाही, बाहेरून आणलेली आहे. रानातल्या आपल्या वेलीसारखाच वास येतो हिला, म्हणून फुलपाखरं फसतात. अंडी घालतात हिच्यावर. अळी पान खाते आणि मरते."

"मग रानातली कुठाय?"

"झाडांवर होती. झाडं तुम्ही पाडलीत."

"शिडी घे आणि चालू पड," व्हर्न म्हणाला.

पण दुसऱ्या दिवशी त्याने खुर्ची टाकीजवळ ओढली. अंडी फुटली. बारीक काळ्या अळ्यांनी पान कुरतडलं, आणि संध्याकाळपर्यंत त्या चहाच्या चोथ्यासारख्या आक्रसून लटकल्या. त्याने प्रत्येक पान उलटून पाहिलं. एकही जिवंत नव्हती. इतकी वर्षं एव्हिसला वाटायचं, अळ्या दिसेनाशा होतात त्या चिमण्या-पाखरं टिपतात म्हणून. पाहुण्यांना ती विष वाढत होती, बिचारी, आणि तिच्या नावाने ह्याने ते घरोघरी वाटलं होतं. माणूस चांगुलपणाने करतो तेवढं नुकसान वैऱ्यालाही जमत नाही. व्हर्नने टाकीवरची वेल मुळासकट उपटली आणि तिथेच मातीत बसून राहिला.

मग कुदळ गाडीत टाकून, वेल अळ्यांना मारते हे सांगत तो दारोदार फिरला.

"दिलेलं परत मागतोस? उद्या लग्नातला आहेरही मागशील!" लोक हसले, पण वेल काढू दिली. राहिली ती एव्हिसची धाकटी बहीण, मर्ल.

"एकदा पुरलंस ना तिला?" मर्ल फाटकातच म्हणाली. "आता उपटायला आलास? जिवंतपणी एक फूल आणून दिलं नाहीस कधी. हात लावून तर बघ!"

व्हर्न परतला. पण दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी तो तिच्या कुंपणाशी येई, अंडी असलेली पानं खुडून जॅमच्या बरणीत घाली आणि ग्वेनिथकडे नेई. तिच्या परसातल्या एका जुन्या झाडावर रानातली वेल अजून टिकून होती. मर्ल पडद्याआडून बघायची. चहाला काही बोलावलं नाही.

उन्हाळ्याच्या शेवटी तो तापाने पडला. कुंपणाशी जायला कुणी नव्हतं.

एका दुपारी मर्ल स्वतः दारात आली. हातात बशी होती, आणि बशीत मेलेल्या अळ्या.

"ताई म्हणायची तशी पाखरं नाही खात रे त्यांना," ती म्हणाली. "मी दोन दिवस तिथंच बसून होते. पाखरू फिरकलंसुद्धा नाही."

व्हर्नने बशी हातात घेतली.

"ताईला माहीत होतं?"

"नाही."

"मग आटप. कुदळ घे."

अंगात ताप होता तरी तो उठला. तिच्या कुंपणाशी मर्लने वेल ओढून धरली, त्याने मुळं खणली. ओढताना ती हमसून हमसून रडत होती आणि मध्येच त्याला शिव्या घालत होती.

ग्वेनिथने दिलेलं रानवेलीचं रोप त्याने टाकीपाशी लावलं. ही वेल फार सावकाश वाढते. पुढच्या उन्हाळ्यात ती जेमतेम गुडघ्याएवढी होती आणि तिला मोजकी पानं होती. एका सकाळी फुलपाखराची एक मादी आली. बोडक्या टाकीभोवती फिरली, गरम पत्र्यावर टेकली, उडाली, पुन्हा टेकली. पायाशी असलेलं ते रोप तिला दिसलंच नाही. व्हर्न चहाचा कप खाली ठेवून घाईने उठला.

"अगं, थांब," तो म्हणाला. "थांब ना जरा. लावलीय मी. बघ तरी."

ती कुंपणावरून खोऱ्याकडे निघून गेली. इतक्या मऊ आवाजात तो एव्हिसशी कधीच बोलला नव्हता.