चिमणाबाईनं गाडी थांबवली

उचगावच्या चिमणाबाईला मुतखडा झाला, तेव्हा गल्लीत कुणालाच नवल वाटलं नाही. घरी म्हशींच्या धारा काढताना बाई तांब्या तरी तोंडाला लावायची. पण गावाला जायचं म्हटलं की आदल्या दिवसापासून थेंब घ्यायची नाही. वाटेत सगळे चहाला उतरायचे, ही सीट धरून बसून राहायची. एकदा पुतण्याच्या लग्नात अक्षता पडायच्या आत हीच पडली. नवरा आकाराम सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाला, "नाटकं करतीया."

या मुतखड्याच्या दोन वर्षं आधी आकाराम वारला. फार चांगला माणूस होता, असं तेराव्याला बऱ्याच जणांनी सांगितलं. जेवण चांगलं होतं.

खडा काढल्यावर डॉक्टर म्हणाले, पाणी प्या आणि जरा हिंडा-फिरा. मुलगी अनुजा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरीला. तिनं रजा काढली, नवऱ्याला, विजयसिंहला, गाडी काढायला लावली आणि रत्नागिरीला समुद्र बघायला आईला जवळजवळ उचलून नेलं. आकारामची बहीण बनाबाई न विचारताच मागच्या सीटवर येऊन बसली.

शाहूवाडीच्या अलीकडं अनुजानं बाटली पुढं केली. आईनं मान फिरवली.

"आई, परत खडा झाला तर मी दवाखान्यात न्यायची नाही हां."

"नगं नेऊ."

"पण का पीत नाहीस?"

चिमणाबाई बाहेर बघत म्हणाली, "तुझ्या बापानं मला मलकापुरात टाकलीती."

लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. रत्नागिरीकडच्या पाहुण्यांचं लग्न उरकून दोघं एस.टी.नं परतत होती. मलकापूरच्या स्टँडवर ती लघवीला उतरली. बायकांची रांग होती. परत येऊन बघते तर गाडी गेलेली. तिकीट नवऱ्याकडं, पिशवी नवऱ्याकडं. दुसऱ्या दिवशी एका भाजीच्या टेम्पोवाल्याला दया आली, म्हणून ती घरी पोचली. तिथं आकारामनं आधीच सांगून ठेवलं होतं, बायको स्टँडवरनं पळाली. सासूनं तिला गोठ्यात झोपवलं, आकारामनं पट्ट्यानं फोडलं, आणि ती दिसली की गल्लीतल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या.

"रातभर कुठं हुतीस, ह्येच समदी इचारायची," चिमणाबाई म्हणाली. "त्यो मला टाकून का आला, ह्ये एकानं बी न्हाय इचारलं."

अनुजाला रडू फुटलं. विजयसिंहनं एसी वाढवला. त्याला दुसरं काय करावं कळेना.

मागनं बनाबाई हळूच बोलली, "वैनी, कंडक्टर इचारत हुता, तुमची बाई राहिली न्हवं? दादाच म्हणाला, सोडा गाडी, येती मागनं. मला हसत हसत सांगितलंतं त्यानं."

"कवा?"

"तवाच. त्याच आठवड्यात. पर आईपुढं कसं बोलू?"

आयुष्यभर नणंदेला 'तुम्ही' म्हणत आलेली चिमणाबाई एका झटक्यात 'तू'वर आली. "वन्सं, शेजारची म्हैस सुटली तर बोंबलत येतीस की माझ्या दारात. तवा थोबाड शिवलंतं व्हय तुझं?"

बनाबाईनं पदर तोंडाला लावला.

"जावयबापू, मलकापूर आलं की थांबवा."

स्टँडजवळ गाडी थांबली. चिमणाबाई उतरली, चार पावलं गेली, परत आली आणि खिडकीतून हात पसरला. "चावी द्या."

"मामी, आम्ही कुठं जाणार?"

"चावी द्या म्हणते न्हवं?"

विजयसिंहनं दिली. ती कमरेला खोचून बाई गेली. काम उरकून बाहेर आली, पण गाडीकडं आलीच नाही. हॉटेलात शिरली. भजी मागवली, चहा घेतला, वर दोन पेले पाणी प्यायली. मग बांगड्यांच्या दुकानात जाऊन एकेका डझनाची किंमत विचारली आणि एकही घेतली नाही. इकडं एसी बंद, ऊन डोक्यावर.

"आगं, बोलव की तिला! शिजले मी," बनाबाई कण्हली.

अनुजा म्हणाली, "आत्या, येईल की मागनं."

शेवटी चिमणाबाई आली. कमरेची चावी काढून तिनं जावयाच्या हातावर ठेवली.

"थांबलासा व्हय?" तिनं विचारलं. आवाज एकदम लहान झालेला.

"थांबलो की, मामी."

आंबा घाटात ती रडली. हुंदके देऊन, नाक शिंकरून, मोठ्यानं. कुणी गप्प बस म्हटलं नाही. घाट उतरल्यावर तिनं बाटली मागितली आणि निम्मी संपवली. समुद्र तिला फारसा पटला नाही. "येवढं पानी, आन् त्ये बी खारट," म्हणाली. पण पाय बुडवून अंधार पडेपर्यंत उभी राहिली.

ती अगदी बरी झाली असं नाही. अजूनही वाटेत उतरली की एकदा मागं वळून गाडी बघते. पण उतरते. इतक्यांदा उतरते, की विजयसिंहला कुठल्या पेट्रोल पंपाचं स्वच्छतागृह चांगलं, हे पाठ झालंय. बनाबाईला तिनं माफ केलेलं नाही, तसं रोज सांगते. तरी दर सहलीला घेऊन जाते, कारण पिशव्या कुणी तरी धरायला हव्यात.

गेल्या दिवाळीत सगळे विजापूरला गेले. गोलघुमटात वरच्या सज्ज्यावर माणसं हाका मारत होती आणि घुमट त्या परत देत होता. उखाण्याबाहेर कधी नवऱ्याचं नाव न घेतलेली चिमणाबाई कठड्याला टेकली आणि म्हशीला हाकारावं तशी ओरडली, "आक्याऽऽ, मुडदा बशिवला तुझाऽऽ!"

मुडदा बसून तीन वर्षं झाली होती, पण घुमटाला ते कोण सांगणार? त्यानं चहूबाजूंनी तेच पुन्हा पुन्हा म्हटलं. एका शाळेची सहल गप्प झाली. रखवालदार शिट्टी फुंकत धावला. अनुजा जमिनीत जायला जागा शोधत होती.

बनाबाईनं हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या.

"वैनी, जरा सरका की," ती म्हणाली. "मला बी वरडायचंय."