शुक्रवारचा रविवार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी कॉलेजातली प्रत्येक कुरबूर रोज ऐकवते. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. परवा आमच्या मंडळाच्या बैठकीत कुणीतरी पुन्हा म्हणालं, बंदरावरच्या मिरकरवाड्यात नावनोंदणीचा काही उपयोग नाही, त्या लोकांना मतदानाचं पडलेलंच नसतं. माझं डोकं फिरलं. पण कुणावर? तिथेच तर सगळी गोची आहे.

गेल्या निवडणुकीआधी मंडळाने नवे मतदार नोंदवायचं मनावर घेतलं. मंडळ म्हणजे आम्ही काही शिक्षक, बँकेतले दोघं आणि अध्यक्ष म्हणून एक आंबा बागायतदार. मिरकरवाडा माझ्याकडे आला, कारण तिथली जुबेदा माझ्या ओळखीची. वर्षानुवर्षं माझ्या दारात मासळी आणते. तिचा थोरला, इम्रान, नुकताच अठराचा झालेला, ट्रॉलरवर खलाशी. पहिलं मत द्यायचं म्हणून तो आईच्या मागे लागला होता. जुबेदा घरोघरी फिरली, आधार कार्डं, जन्माचे दाखले काढून ठेवा म्हणून तिने एकेकाला छळलं. मला तिने एकच गोष्ट बजावली.

"बाई, शुक्रवारीच ठेवा हां. शुक्रवारी बोटी बंद, सगली पोरं बंदरातच. शनिवारी गेली की चार-पाच दिवस दर्यावर."

शुक्रवार ठरला. आणि मग — मला त्या दिवशी दोन तास लवकर निघायची परवानगी हवी होती. नेमकं त्याच आठवड्यात प्राचार्यांशी माझं वाजलेलं. त्यांच्यापुढे जाऊन उभं राहायचं माझ्या जिवावर आलं. एवढंच. याहून मोठं कारण असतं तर सांगायला तरी बरं वाटलं असतं. बैठकीत मी म्हटलं, रविवार सगळ्यांना सोयीचा. सगळ्यांना म्हणजे कुणाला? कुणीही विचारलं नाही. मला तर ठाऊकच होतं. जुबेदाला फोन करून सांगितलं, निवडणूक कचेरीनेच तारीख बदलली, माझ्या हातात काही नाही.

खोटं. कचेरीला आम्ही कुठल्या वारी बसतो याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

रविवारी शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं, बॅनर लावला, चहाचा थर्मास ठेवला. बंदरात बोटी नाहीत. आल्या त्या म्हाताऱ्या बायका, ज्यांची नावं यादीत कधीचीच होती. फोनवरूनही अर्ज भरता येतो, हो, कळतं मला. पण आम्ही येतोय, थांबा, असं आम्हीच सांगून ठेवलं होतं ना? आणि मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती.

दुपारपर्यंत अध्यक्ष वैतागले. आपण मरमर करायची आणि यांना किंमत नाही, म्हणाले. मी नुसती गप्प बसले असते तरी एक वेळ — पण नाही, मी मान डोलावली. वर मी म्हटलं, "हो ना, यांनाच नको असतं." जुबेदा मागे उभी राहून रिकामे कप गोळा करत होती. तिने ऐकलं. कप तसेच हातात धरून ती पुढे आली.

"माफ करा बाई. आमचीच पोरं थांबली नाहीत."

सगळे माझ्याकडे बघत होते. तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हटलं, "असू दे."

इम्रान पुढे कतारला गेला, मत न देताच. परवाच्या बैठकीतही मी तोंड उघडलं नाही. जुबेदा अजून येते, चांगला सरंगा मिळाला की माझ्यासाठी बाजूला ठेवते, आणि त्या रविवारचा विषय निघाला की ओशाळते. ती ओशाळते, मी नाही. तिने माझी माफी मागितली होती, आणि मी तिला माफ केलं होतं.