मालकांना गाडी लागते

मालकांच्या दारात नऊ ट्रक उभे असत आणि मालक मात्र गावभर पायी फिरत. "चालत राहिलं की माणसाचे पाय जमिनीवर राहतात," असं ते ऐटीत सांगत, आणि ड्रायव्हर मंडळी त्यांच्या साधेपणाचे गोडवे गात. खरी गोष्ट फक्त घरच्यांना ठाऊक होती. मालकांना गाडी लागायची, आणि तीही साधीसुधी नाही, आतडी पिळवटून काढणारी.

धंद्याची सुरुवात आजोबांनी हातगाडीवर केली. वडिलांनी पहिला ट्रक घेतला आणि पोराला कौतुकाने शेजारी बसवून खेपेला नेलं. दुसऱ्याच वळणावर पोराने वडिलांच्या मांडीवर जे काही केलं, त्याचा विषय घरात अजूनही जेवताना कुणी काढत नाही. "ट्रकवाल्याच्या पोराला गाडी लागते? कुठे बोलू नकोस हं, धंद्याचं हसं होईल," वडील म्हणाले आणि मोठा झाल्यावर त्यांनी त्याला फोनपाशी बसवला. तिथे बसल्या बसल्या या पठ्ठ्याने एकाचे नऊ ट्रक केले. गेलेली गाडी रिकामी परत येऊ द्यायची नाही, यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पण वडिलांचं ते वाक्य डोक्यात पक्कं बसलं ते बसलंच.

त्यांच्या लेकीला मात्र स्टिअरिंगचं वेड. तिने लायसन्स काढलं, जुन्या ड्रायव्हरकाकांच्या हाताखाली घासून घासून शिकली, आणि आता तिला स्वतःची खेप हवी होती. गिऱ्हाइकं काही केल्या तयार होईनात. शेवटी एक काचवाला कसाबसा वळला.

"मुलगी आणि काच? नको रे बाबा," तो फोनवर म्हणाला. "हां, तुम्ही स्वतः तिच्या शेजारी बसून आलात तर बघू."

मालकांनी फोनवर हात ठेवून मान वर केली. लेक समोरच उभी होती.

"राहू दे, बाबा. मी दुसरं कुणी शोधते."

"दुसरं कोण आहे? येतो मी."

सकाळी बायकोने मुकाट्याने त्यांच्या हातात लिंबू, आल्याचे तुकडे आणि पिशव्यांची गड्डी ठेवली. लेक ट्रक असा चालवत होती की डॅशबोर्डवरचा चहाचा कप हिंदकळत नव्हता. तरी गावाबाहेर पडेपर्यंत मालकांनी पहिली पिशवी उघडली.

"थांबवू का?"

"अजिबात नको. चल तू," एवढं बोलून ते पुन्हा पिशवीत शिरले.

काचवाल्याच्या गोदामात मालकांच्याच आणखी दोन गाड्या माल उतरवत होत्या. मालक केबिनमधून उतरले ते पांढरेफटक होऊन, आणि सगळ्यांच्या देखत चाकाला धरून उरलंसुरलं रिकामं केलं. काचवाल्याने पेट्या उघडून पाहिल्या. एकाही काचेला चरा नव्हता.

"या वेळी नशिबाने वाचल्या," तो म्हणाला. "पण मालक, ही काय दशा! बापाला एवढं घुसळून आणते, तर काचांचं काय करेल? पुढच्या वेळी दुसरा ड्रायव्हर पाठवा."

लेकीने तोंड उघडलं आणि मिटलं. घरचं गुपित होतं, ती ब्र काढणार नव्हती. बापाची लाज राखायला पोरगी हातची खेप सोडून देते आहे, हे पाहून मालकांना भरून आलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वडिलांचा राग आला.

"ऐका सगळे," ते म्हणाले. "मला गाडी लागते. लहानपणापासून लागते. कुणीही चालवो, नुसत्या डिझेलच्या वासानेसुद्धा लागते. तिने मला फुलासारखं आणलंय. खोट माझ्या पोटात आहे, तिच्या हातात नाही."

दोन्ही गाड्यांचे ड्रायव्हर हातातलं काम टाकून पुढे आले.

"मग ते पाय जमिनीवर वगैरे?" एका ड्रायव्हरने चाचरत विचारलं.

"थापा," मालक म्हणाले.

त्यावर जो हशा उसळला, त्यात काचवाला सगळ्यांत मोठ्याने हसला. "अहो, मग कशाला जिवाचे हाल केलेत? पुढच्या खेपेला तुम्ही घरीच बसा. हिला एकटीला पाठवा."

लेकीने पाण्याची बाटली बापापुढे धरली. "तोंड धुऊन घ्या आणि परतीचा माल बघा, बाबा. गाडी रिकामी न्यायची नाही."