वाट अडवणारे काका

माझ्या धाकट्या बहिणीच्या सासऱ्यांइतका घरात रमलेला माणूस अख्ख्या विक्रोळीत दुसरा नव्हता, आणि घरच्यांना इतका छळणाराही नव्हता. एकेकाळी ते फुटबॉलवर पोट भरणारे पक्के व्यावसायिक खेळाडू होते. गोलकीपरच्या पुढे उभं राहून येईल त्याला अडवायचं, हे त्यांचं काम. गुडघे गेले तसा खेळ सुटला. अडवायची सवय काही सुटली नाही. आम्ही त्यांना काका म्हणायचो. साकीनाक्याला रस्ता ओलांडायचा तर काका दोन्ही हात पसरून रिक्षांच्या पुढ्यात उभे राहणार आणि घरातलं शेवटचं माणूस पार झाल्याशिवाय हलणार नाहीत. रिक्षावाले सात पिढ्यांचा उद्धार करायचे. काका म्हणायचे, "बोलू दे रे, आपण फाउल तर केला नाही ना?"

बहिणीच्या लग्नात फोटोग्राफर "जरा जवळ या" म्हणाला, तेवढं काकांना पुरलं. फ्री किकच्या वेळी भिंत रचतात तसे त्यांनी दोन्हीकडचे पुरुष खांद्याला खांदा लावून उभे केले. "फट ठेवू नका रे! हात खाली, पुढे धरा!" त्यामुळे अल्बममध्ये माझे वडील, दोन मामा आणि खुद्द नवरदेव पोटाखाली हात धरून, आता चेंडू आदळतोय अशा चेहऱ्याने उभे आहेत. बहीण तो फोटो पाहुण्यांना दाखवत नाही. मैदानात मागून कुणी धावून आला की सोबती "मॅन!" असं ओरडून सावध करतात, काका ते स्वयंपाकघरात ओरडायचे. पहिल्याच आठवड्यात बहिणीच्या हातून पातेलंभर चहा सांडला. वर्षभरात मात्र ती अशी तयार झाली की मागे न बघता कोपर काढून पातेलं वाचवायची. "तुझी बहीण बॉल सोडत नाही यार!" काका मला अभिमानाने सांगायचे.

मग काकू बाथरूममध्ये घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झकास झालं, पण पडायची भीती मनात बसली ती बसलीच. आता चालल्या नाहीत तर कायमच्या अंथरुणाला खिळतील, असं डॉक्टरांनी बजावलं. काकांची झोप उडाली. रोज सकाळी वॉकर काकूंच्या हातात देऊन ते समोर वाकायचे, हात पसरायचे आणि मागे मागे सरकत "ये, ये" म्हणायचे. काकू दोन पावलं टाकून थांबायच्या. तीन आठवडे हेच चाललं. शेवटी एका रविवारी, मी तिथे असतानाच, काकू वैतागल्या.

"अहो, तुम्ही समोरून हला आधी! मी जाऊ कुठून?"

काका तसेच वाकलेले राहिले. पडली तर झेलायची म्हणून ते उभे होते, पण अंग बिचारं जन्मभर शिकलेलं तेच करत होतं. काकू उजवीकडे झुकल्या की ते उजवीकडे, डावीकडे झुकल्या की डावीकडे. भल्याभल्या फॉरवर्डना जे जमलं नाही ते ऑपरेशन झालेल्या काकूंना कसं जमावं? काका भिंतीला टेकले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाला तरी पुढे जाऊ दिलं, आणि काकू वॉकर सरकवत त्यांच्या शेजारून थेट गॅलरीपर्यंत गेल्या.

काका त्यांच्याकडे बघत राहिले. मग हळूच मला म्हणाले, "आमचा पोरगा चालायला लागला तेव्हा मी गोव्याला मॅच खेळत होतो. हिने पत्रातून कळवलं. हे तरी डोळ्यांनी बघितलं रे."

काका गेले त्याला आता दीड वर्ष होईल. काकू काठी घेऊन रोज गॅलरीपर्यंत चालतात. परवा मी सोबत होतो. मध्येच थांबून त्या म्हणाल्या, "वाट मोकळी आहे रे आता. पण चालायला मजाच येत नाही."