खालच्या खोलीतल्या सिस्टर

"आधी हात धुवा. देवाचं मग बघू."

दारात कुणीही उभं राहिलं की सिस्टर हेच म्हणायच्या. अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. आपण त्यांच्याकडे जेवतो आणि बाहेर येऊन त्यांच्यावर विनोद करतो. मी जरा जास्तच केले.

भवानी पेठेत एकाच मालकाच्या दोन खोल्या होत्या. खाली सिस्टर, निवृत्त नर्स. वर मी, नागपूरहून आलेला, एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात कारकून. रविवारी चर्चची उपासना आटोपून सिस्टर आल्या की त्यांच्याकडे पंगत बसे. बिहारकडचे यंत्रमाग कामगार, रिक्षावाले चाचा आणि फुकटचं म्हणून मी. वाढून झालं की त्या डोळे मिटून येशूची उपकारस्तुती करत.

एकदा त्यांचे डोळे मिटलेले बघून मी माशाचा एक तुकडा तोंडात टाकला. 'आमेन' झाल्यावर म्हणाल्या, "आत्ताच प्रभूला सांगत होते, हा माणूस उपाशी हाय. तुमी पुरावाच दिलात की."

हे मी चहाच्या टपरीवर रंगवून सांगितलं. वर जोडलं, "वर्षभरात सगळी पंगत बाटवतील बघा." लोक हसले. लोक हसले की मला थांबता येत नाही. रोज थोडं वाढवत गेलो.

मग अक्कलकोट रोडवर माझी गाडी घसरली आणि उजवा पाय प्लास्टरमध्ये गेला. आमचा लोखंडी जिना असा उभा, की दीड महिना मी खोलीतच. वर पत्रे, बाजूला खिडकी, आणि दिवसातून दोनदा जिन्यावर सिस्टरांची धाप. त्यांचे गुडघे दुखायचे. तरी ताट आणायच्या, बेडपॅन न्यायच्या.

एकदा मी वैतागून विचारलं, "हे सगळं मला ख्रिस्ती करायला चाललंय ना?"

"झालात तर लई आनंद हाय की. न्हाय झालात तरी ताट मलाच घासायचंय."

पाचव्या आठवड्यात मालक तक्रारीचा कागद घेऊन वर आला. त्याला खालची खोली भाच्याच्या दुकानासाठी हवी होती. कागदावर लिहिलं होतं, की ही बाई जेवणाचं आमिष दाखवून धर्म बदलायला लावते. साक्षीदार म्हणून माझं नाव.

"टपरीवर तुमीच म्हणला की," मालक म्हणाला.

"अहो, ते गमतीनं."

"मग गमतीनंच सही करा. न्हायतर ही खोलीबी सोडा. ह्या पायानं कुटं जाताय बघू."

मी सही केली. एवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला? कागदाची भाषा वाईट होती. कारकुनी सवयीनं दोन वाक्यं नीटही करून दिली.

दुपारी सिस्टर ताट घेऊन आल्या. मालकानं तो कागद दाखवून त्यांना खोली सोडायला सांगितलं होतं.

"अक्षर ओळखलं तुमचं."

"सिस्टर, मी..."

"येशूसाठी वाढते, हे खरं हाय. एवढंच लिहिलं असतं तर मीच सही केली असती. पण आमिष?" त्यांनी ताट माझ्यापुढं सरकवलं. "जेवा. आमटी निवतीय."

उपकारस्तुतीत त्यांनी माझं नाव घेतलं. रोज घ्यायच्या, तसंच. मला ताट सोडून पळून जावंसं वाटलं. पळायची सोय नव्हती.

पुढच्या आठवड्यात प्लास्टर काढायला चाचांच्या रिक्षातून मला त्यांनीच नेलं. डॉक्टरांचं झाल्यावर स्वतः पाय दाबून बघितला. "पक्का झालाय. चाला आता."

दोन दिवसांनी त्यांनी खोली सोडली. दारात टेंपो उभा राहिला. चाचा आणि कामगार कपाट उचलत होते, मालक हाताची घडी घालून बघत होता. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर. खाली जायचं, कपाटाला हात लावायचा आणि मालकासमोर म्हणायचं, की मी खोटी सही केली. एवढंच काम होतं. एक पाय खाली टाकला, आणि वर घेतला.

चाचांनी माझ्याकडे रोखून बघितलं. सगळेच बघायला लागले. तेवढ्यात सिस्टर गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "उतरू नका हं तुमी! पाय अजून कच्चा हाय!"

सगळ्यांनी समजूतदारपणे माना हलवल्या.

आणि मी कठडा धरून थोडं लंगडून दाखवलं.