पेणला बसवलेली तांबी

धाकटीच्या बाळंतपणात मी मरता मरता वाचले होते. तरी सासू म्हणायची, "दोन पोरीच हायत. मुलगा नको काय?" नवरा रोह्याच्या एका कंपनीत होता. शिफ्ट संपवून आला की जेवायचा, आणि मग मी नको म्हटलेलं त्याला ऐकू यायचं नाही.

दिवस राहू नयेत म्हणून तांबी बसवायचं मी ठरवलं. आम्ही वरसे गावात राहायचो. रोह्यात बसवली असती तर मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली असती. आईला बघायला जाते असं सांगून पेणला गेले. थोरल्या बहिणीने सरकारी दवाखान्यात नेलं.

मला टेबलावर झोपवलं. ट्रेमधली हत्यारं वाजली तशा मी मांड्या आवळून घेतल्या. आता डॉक्टरीणबाई ओरडणार असं वाटलं. बाळंतपणात तर नर्सने चापट मारली होती. पण या बाईंनी हात मागे घेतला.

"दुखलं का?"

"नाय. भीती वाटते."

"मग थांबू. तू सांगशील तेव्हा सुरू करू. आज नको वाटलं तर घरी जा, पुन्हा ये."

मला रडूच फुटलं. बाईंनी घाई केली नाही. मी मान हलवल्यावर, आता गार लागेल, आता कळ येईल, असं आधी सांगत सांगत त्यांनी तांबी बसवली. "झालं गो," बहीण म्हणाली.

वर्षभर मी निर्धास्त झोपले. मग बोलता बोलता बहिणीच्या नवऱ्याच्या तोंडून तांबीचं निघून गेलं. नवऱ्याने आरडाओरडा केला नाही. सुट्टी टाकली आणि मला रोह्यातल्या एका खासगी डॉक्टरकडे नेलं.

"काढायची ना?" डॉक्टरांनी त्याला विचारलं.

"व्हय."

"मला नाय काढायची," मी म्हटलं.

दोघांनीही ऐकलं. डॉक्टर म्हणाले, "घरात भांडण कशाला वाढवता, बाई? झोपा."

मी झोपले. तेव्हा उठून चालू पडायचं माझ्या डोक्यातही आलं नाही, आलं असतं तरी जायचं कुठे होतं?

पुढे मुलगा झाला. मला रक्त चढवावं लागलं, पुष्कळ महिने उठता येईना. सासूने गावभर पेढे वाटले. मुलगा गुणी आहे, माझ्यावर जीव टाकतो. त्याच्यावर माझा राग नाही. पण नवरा पाहुण्यांना कौतुकाने सांगतो, "आम्ही हिंमत सोडली नाय, म्हणून झाला." तेव्हा मी उठून मोरीत जाते आणि नळ मोठा सोडते.